एकाच नांवाचीं दोन कार्डें

ग्रंथालयांत एकाच ग्रंथाच्या दोन प्रती शेजारीं शेजारीं उभ्या असतात. बांधणी तीच, पाठीवरील सोनेरी अक्षरेंहि तींच. परंतु एक प्रत पहिल्या आवृत्तीची, दुसरी सुधारून वाढविलेली. नोंदवहींत केवळ ग्रंथाचें नांव असेल, तर चुकीचें पान कोणत्या प्रतींत आहे हें ग्रंथपालाला कपाटाशीं गेल्यावांचून सांगतां येत नाहीं. कपाट शेजारींच असल्यामुळें त्याचें फारसें अडत नाहीं. संगणकांच्या मोठ्या जाळ्याचा कारभार पाहणाऱ्याचें कपाट मात्र गांवोगांवीं विखुरलेलें असतें.

बँका, रुग्णालयें, रेल्वे यांचे निरोप ज्या यंत्रांतून वाट काढीत जातात, त्यांपैकीं मोठ्या यंत्रांचा सांगाडा कप्प्याकप्प्यांचा असतो. प्रत्येक कप्प्यांत एक कार्ड, म्हणजे विद्युत्-भाग बसविलेली एक फळी, सरकवून बसवितात. एक बिघडलें कीं तें काढून दुसरें घालावें, अशी ही सोय. या कार्डांच्या नोंदींसाठीं खास सॉफ्टवेअर असतें. आणि त्याच्यापुढचा अवघड प्रश्न 'कार्डें किती?' हा नसून 'हें कार्ड तेंच काय?' हा आहे.

कांहीं भेद नांवांतच दिसतात. सिस्को कंपनीच्या एन-सी-एस ५५०० मालिकेंत कार्डाच्या नांवाअखेरीस 'एस-ई' हीं अक्षरें असलीं, तर मार्गांची अधिक लांब यादी सांठविण्याजोगी स्मृति त्यांत असते. हा भेद कामाचा. त्याला नोंदींत स्वतंत्र जात दिलीच पाहिजे. दुसरे भेद मुके असतात. कारखाना आंतला एखादा भाग बदलतो, नांव मात्र तेंच ठेवतो. म्हणून याच कंपनीच्या मालावर तीन खुणा असतात: मालाचें नांव, 'व्ही-०१', 'व्ही-०२' अशी आवृत्ति, आणि त्या एका नगाचा अनुक्रमांक. पुष्कळांच्या नोंदींत पहिली खूण असते, तिसरीहि असते. मधली बिचारी गळते. उलट कांहीं उत्साही कारकून प्रत्येक आवृत्तीला नवी जात देऊन बसतात. मग एकाच्या जागीं दुसरें चालेल कीं नाहीं, हेंच यादीवरून उमगत नाहीं. जात एकच ठेवावी व आवृत्ति तिच्या शेजारच्या रकान्यांत लिहावी, हें बरें.

या रकान्याची किंमत २०१७ च्या फेब्रुवारींत कळली. सिस्कोनें जाहीर केलें कीं, आपल्या कांहीं मालांतील घड्याळाचा संकेत देणारा एक भाग सुमारें १८ महिने चालल्यावर निकामी होऊं लागेल, आणि तो गेला कीं यंत्र पुन्हां सुरू होणार नाहीं. त्या यादींत कांहीं कार्डेंहि होतीं. बदली माल मिळावयाचा तो हमी चालू असलेल्यांना, किंवा १६ नोव्हेंबर २०१६ रोजीं सेवाकरार असलेल्यांना. तेव्हां कार्ड कोणतें, कामाला लागलें केव्हां, करार कोणता, हीं तिन्ही उत्तरें एकदमच हवीं झालीं. यंत्र आज सुरळीत चालतें आहे, याला कांहींच अर्थ नव्हता. एक मुख्य आणि एक राखीव अशीं दोन कार्डें एकाच दिवशीं बसविलेलीं असलीं, तर तीं एकाच सुमारास जाण्याची धास्ती; मग राखीव ठेवून साधलें काय?

हीं उत्तरें यंत्रालाच विचारण्याची सोय आहे. 'एन्टिटी मिब' नांवाच्या सर्वमान्य कोष्टकांत यंत्र आपल्या अंगावरील भागांचा हिशेब देतें. गंमत अशी कीं, १९९६ च्या पहिल्या कोष्टकांत आवृत्तीला किंवा अनुक्रमांकाला रकानाच नव्हता; तो १९९९ च्या सुधारणेंत आला. रकाना असूनहि निर्मात्यानें तो कोरा ठेवला, तर विचारणाऱ्याच्या हातीं कांहीं लागत नाहीं.

शिवाय कपाटांतील शिलकी कार्ड बोलत नाहीं. त्याचे १८ महिने तें कप्प्यांत सरकविल्या दिवसापासून सुरू व्हावयाचे. ती तारीख मात्र बसविणाऱ्यानें त्याच संध्याकाळीं नोंदवावी लागते.