फ्लॉरेन्सला प्रथम जाणाऱ्यास

फ्लॉरेन्सला जायचे ठरले म्हणजे माणूस पहिले काम करतो ते यादीचे. चित्रशाळा इतक्या, चर्चे इतकी, राजवाडे, पूल, बागा. आणि हाती दिवस असतात दोन, फार तर तीन. मग यादी पुरी करण्याची धावपळ सुरू होते. रात्री मुक्कामाला आल्यावर दुखणारे पाय तेवढे जाणवतात, चित्रे काही आठवत नाहीत. तेव्हा प्रथम जाणाऱ्यास माझे सांगणे एवढेच, की यादी निम्मी करा, आणि ती करताना एक कसोटी लावा. जी वस्तू जिथे निर्माण झाली तिथेच आजही आहे, ती आधी पाहा.

ही कसोटी याच गावाला का, ते सांगतो. लंडन-पॅरिसच्या संग्रहालयांतले पुष्कळसे वैभव दुसरीकडून आलेले आहे. फ्लॉरेन्सचे वैभव बव्हंशी घरचे आहे, आणि ते घरीच राहिले याचे मोठे श्रेय एका बाईला आहे. मेदिची घराण्याचा शेवटचा ड्यूक १७३७ साली निपुत्रिक वारला आणि राज्य लोरेनच्या परक्या घराण्याकडे निघाले. मागे राहिली त्याची बहीण, आन्ना मारिया लुईझा. राज्य राखणे काही तिच्या हाती नव्हते. पण घराण्याने पिढ्यान् पिढ्या जमवलेली चित्रे, पुतळे, ग्रंथ आणि जडजवाहीर यांविषयी तिने नव्या सत्ताधीशांशी करार केला, की यांतले काहीही या राजधानीबाहेर जाता कामा नये. करारात कारणेही दिली : राज्याची शोभा, लोकांचा उपयोग आणि परदेशी माणसांचे कुतूहल. तुम्ही आम्ही तिकडे जातो, ते या तिसऱ्या कलमाच्या आधाराने, बरे का!

आता प्रत्यक्ष गावात शिरू. स्टेशनवरून चालत दहा-पंधरा मिनिटांत तुम्ही मुख्य चर्चपाशी पोहोचता. जुने गाव सगळे पायीच पाहण्याजोगे आहे. चर्चचे बांधकाम १२९६ साली सुरू झाले. पण त्यावरचा घुमट घालायचा कसा, हे पुढे शंभर वर्षे कोणाला उमगेना. एवढ्या रुंदीला खालून लाकडी आधार देणे अशक्यच होते. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात तो आधाराशिवाय उभारला. एकात एक असे दोन घुमट केले आणि विटांच्या आडव्या थरांत मधूनमधून उभ्या विटा बसवल्या, म्हणजे ओला थर खाली घसरू नये. वर जाण्याचा जिना या दोन घुमटांच्या मधूनच जातो. पायऱ्या ४६३, आणि पाळणा नाही. गुडघे धड असतील तर अवश्य चढा. जाताजाता त्या विटा हाताशी लागतात. मात्र वेळ आगाऊ राखून ठेवावी लागते. आयत्या वेळी गेलात तर बहुधा परतावे लागेल.

दुसरे स्थळ सान मार्कोचा मठ. येथे गर्दी कमी. फ्रा आंजेलिको हा त्याच पंथाचा साधू; त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी साधूंच्या खोल्याखोल्यांतून भिंतीवर एकेक चित्र काढले. ते प्रेक्षकांसाठी नव्हतेच. खोलीत राहणाऱ्या एकट्या माणसाने ध्यानाला बसावे, यासाठी होते. जिना चढताच समोर देवदूत आणि मेरी यांचे चित्र दिसते. तिथे पाच मिनिटे नुसते उभे राहावे. सकाळीच जावे.

मायकेलअँजेलोचा डेव्हिड आमच्या कसोटीला अर्धाच उतरतो. १५०४ साली तो नगरसभेच्या वाड्याच्या दाराशी उभा केला होता. ऊनपावसाने झिजू नये म्हणून १८७३ साली त्याला अकादेमियाच्या इमारतीत हलवले. चौकात आज आहे ती १९१० साली बसवलेली नक्कल. माझा सल्ला असा, की आधी नक्कल पाहा, मग अस्सल. राक्षसाला गोफणीने लोळवणारा पोरगा एका लहानशा प्रजासत्ताकाने आपल्या दाराशी का उभा केला, हे चौकातच कळते. बोटे, शिरा आणि डोळे यांतली करामत आत गेल्यावर कळते.

उफीत्सी या शब्दाचा अर्थ ‘कचेऱ्या’. १५६० साली कचेऱ्यांसाठीच ती इमारत बांधायला घेतली. आज तिथे बोत्तिचेल्लीचे ‘वसंत’ आणि ‘व्हीनसचा जन्म’ आहेत. दोन तासांवर एक मिनिटही थांबू नका. त्यापुढे डोळे पाहतात, पण मन पाहत नाही. उफीत्सी आणि अकादेमिया सोमवारी बंद असतात, हे ध्यानात असू द्या.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. चर्चमध्ये खांदे व गुडघे झाकलेले असावेत. कॉफी उभ्याने प्यायलात तर स्वस्त, बसून प्यायलात तर महाग. आणि तिथला पाव अळणी लागला तर वाढप्याला बोल लावू नका. त्या मुलखात पावात मीठ घालतच नाहीत.

सांता क्रोचे या चर्चमध्ये मायकेलअँजेलो आणि गॅलिलिओ यांच्या कबरी आहेत. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीचा पूर या भागात घुसला. चिमाबुए याने रंगवलेल्या क्रुसाचा बराचसा रंग चिखलात गेला. देशोदेशींच्या तरुण मुलांनी ग्रंथालयातली पुस्तके चिखलातून हातोहात बाहेर काढली. गावातल्या भिंतींवर पाणी कुठवर आले होते ते दाखवणाऱ्या पाट्या आहेत. त्या पाहताना मान वर करावी लागते. करार एका बाईने केला खरा, पण तो पाळण्याचे काम असे दर पिढीला करावे लागले.

शेवटी, मराठी माणसाच्या निम्म्या यादीतही राहावे असे एक स्थळ. नदीकाठाने पश्चिमेला गेले की काशिने नावाची विस्तीर्ण बाग लागते. तिच्या पार टोकाला, मुन्योने नावाचा ओढा आर्नोला मिळतो तिथे, एका छत्रीखाली एका तरुणाचा अर्धपुतळा आहे. तो कोल्हापूरच्या राजाराम महाराजांचा. विलायतेहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचा अंत झाला. वय अवघे वीस. मुलूख परका, दहनाची चाल तिथे नाही; तरी नगराने परवानगी दिली आणि संगमावर अग्निसंस्कार झाला. १८७४ साली तिथे हे स्मारक उभे राहिले. आराखडा मेजर मँटचा. पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधला तो त्यानेच. आमच्या कसोटीला हे स्थळ पुरे उतरते. जिथे घडले, तिथेच ते आहे. एक संध्याकाळ त्यासाठी राखून ठेवा.