घाव हातोडीचा, घाव आयनांचा

मी निवृत्त फौजी. मारा किती जोराचा, हे आम्ही आधी विचारतो. तो प्रश्न अपुरा आहे, हे मला लखनौच्या चौकात कळलं.

तिथे गोल दरवाज्यातून आत गेलं की चिकनच्या, अत्तराच्या दुकानांमधून वर्ख कुटणाऱ्यांची ठकठक कानी यायची. चांदीचे तुकडे वहीच्या पानांत ठेवून तासन्‌तास हातोडी चालायची. चांदी पसरत पसरत फुंकरीने उडेल इतकी पातळ व्हायची. एका म्हाताऱ्या कारागिराला विचारलं, ‘चाचा, करामत हातोडीची की हाताची?’ ते हसले, ‘साहब, किताब की!’ म्हणजे त्या वहीची. वही नसेल, तर चांदी फाटणार.

आता दिल्लीला चला. तिथल्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात पेलेट्रॉन नावाचं यंत्र आहे. अणूवरचे इलेक्ट्रॉन काढले की झाला आयन. तो हे यंत्र प्रचंड वेगाने सोडतं. 10 कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टचा चांदीचा आयन सेकंदाला सुमारे 13 हजार किलोमीटर जातो. आमच्या रायफलीची गोळी एक किलोमीटरसुद्धा जात नाही!

समजा, काचेवर सोन्याच्या नॅनोकणांचा पातळ थर आहे. कण उघडे असतील, तर आयनांच्या माऱ्याने अणू उडतात, कण झिजतात, शेजारचे एकमेकांत मिसळतात. पण तेच कण सिलिकाच्या थरात पुरलेले असतील, तर गंमत होते. आयनाच्या वाटेवरचा सिलिका क्षणभर वितळतो, सोनंही मऊ होऊन त्या वाटेत सरकतं आणि लगेच गोठतं. असे असंख्य घाव बसले की गोल कण लांबट होतो, तोही माऱ्याच्याच दिशेने. हातोडीखाली चांदी आडवी पसरते. इथे सोनं उभं ताणलं जातं. कण फार लहान असला तर विरघळतो, फार मोठा असला तर दाद देत नाही. आकार बदलला की रंगही बदलतो, म्हणून प्रकाशावर चालणाऱ्या उपकरणांसाठी याचा अभ्यास होतो.

म्हणजे घाव तोच. फरक करतं ते भोवतालचं.

चाचांची वही जनावरांच्या आतड्यांची होती. 2016 मध्ये वर्ख बनवताना प्राणिजन्य पदार्थ वापरण्यावर बंदी आली. खाणाऱ्यांच्या श्रद्धेचा प्रश्न होता, बंदी मला पटते. पण चाचांचा हात तोच, हातोडी तीच, फक्त वही गेली आणि काम बसलं. नियम करताना, तंत्र बदलताना कारागिराच्या हाती नवी वही कोण देणार, एवढं विचारत चला.

जय हिंद.