ईसीजी नॉर्मल आला, आता पुढे?

आवणीची घाई असेल, कुणी चुलीपुढे असेल, कुणी गटाच्या बैठकीला निघाली असेल. काम चालू ठेवा, पण कान इकडे द्या. आज छातीत दुखण्याबद्दल बोलायचं आहे.

भीमाशंकरच्या डोंगरातल्या एकाच वाडीच्या दोन बाया माझ्याकडे आल्या होत्या. नावं सांगत नाही. दोघींच्या छातीत दुखत होतं, दोघींनी ईसीजी काढला होता आणि दोघींच्या कागदावर एकच शब्द होता : नॉर्मल. पण एकीला पुढच्या तपासणीची गरज नव्हती आणि दुसरीला ती ताबडतोब हवी होती. कागद सारखे असून असं का, ते आज समजून घेऊ.

पण आधी तातडीची गोष्ट. छातीच्या मधोमध कुणी दगड ठेवल्यासारखं दाबलं जातंय, कळ डाव्या हातात, खांद्यात, जबड्यात किंवा पाठीत जातेय, दरदरून घाम येतोय, दम लागतोय, उलटी होतेय आणि बसून पंधरा मिनिटांत थांबत नाही, तर घरात विचार करत बसायचं नाही. 108 ला फोन करायचा. रात्र आहे, मालक घरी नाहीत, सकाळी बघू, असं म्हणायचं नाही. बायकांमध्ये कधीकधी छातीत फार दुखत नाही. नुसता दम, मळमळ, अचानक आलेला थकवा, जबडा किंवा पाठ भरून येणं, एवढंच होतं. साखरेचा आजार असेल तर दुखणं आणखी कमी जाणवतं. म्हणून ‘पित्त झालं असेल’ म्हणून सोडा पिऊन झोपू नका.

दवाखान्यात पोचल्यावर पहिल्या दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा. तो ठीक आला तरी दुखत असेल तर पुन्हा काढतात. ट्रोपोनिन नावाची रक्ताची तपासणी करतात, तीही काही तासांनी परत करावी लागते. हृदयाच्या स्नायूला इजा झाली असेल तर ती त्यात कळते. तेव्हा डॉक्टर ‘थांबा’ म्हणाले तर भांडून घरी येऊ नका.

आता आपल्या दोघींकडे येऊ.

पहिली बत्तीस वर्षांची. डाव्या बाजूला एका बोटावर दाखवता येईल एवढ्या जागी टोचायचं. तिथं दाबलं की जास्त दुखायचं, कूस बदलली की कळ यायची. आवणीत दिवसभर वाकून काम आणि वर डोक्यावर मोळी. डोंगर चढताना मात्र दुखणं वाढत नव्हतं. बीपी ठीक, साखर ठीक, तंबाखू नाही. रक्त मात्र आठ ग्रॅमवर आलेलं, त्यामुळे धडधड आणि थकवा. कुणीतरी सांगितलं की पुण्याला जाऊन छातीचा सीटी स्कॅन कर, म्हणून घरात दोन शेळ्या विकायची बोलणी चालली होती. डॉक्टरांनी नीट तपासलं आणि सांगितलं, हे बरगडीच्या सांध्याचं आणि स्नायूंचं दुखणं आहे. लोहाच्या गोळ्या घ्या, थोडे दिवस डोक्यावर ओझं नको, आणि चालताना छाती दाटायला लागली तर लगेच परत या. दोन महिन्यांत ती बरी झाली. शेळ्या गोठ्यातच राहिल्या.

दुसरी बावन्न वर्षांची. बीपीची गोळी कधी घ्यायची, कधी नाही. तीस वर्षांची मशेरी. विहिरीवरून हंडा घेऊन चढ चढताना छातीत भरून यायचं. बांधावर टेकली की चार-पाच मिनिटांत थांबायचं. तिनं ईसीजीचा कागद पेटीत जपून ठेवला होता. कुणी विचारलं की म्हणायची, “माझं हृदय चांगलं आहे, कागद आहे की.”

इथंच चूक होते, बायांनो. ईसीजी म्हणजे त्या घडीचा फोटो. ती खाटेवर शांत झोपलेली असताना तो काढला, तेव्हा हृदयावर ताण नव्हता. रक्तवाहिनी अरुंद झाली असेल तर झोपलेल्या माणसाला पुरेसं रक्त मिळतं. चढावर जास्त रक्त लागतं, ते पोचत नाही आणि छाती दाटते. कष्टानं येणारं आणि विसाव्यानं थांबणारं दुखणं असेल, तर नॉर्मल ईसीजीवर विषय संपत नाही.

मग पुढच्या तपासण्या कोणत्या? टूडी इको ही हृदयाची सोनोग्राफी. सुई नाही, किरण नाहीत. हृदय किती जोरानं रक्त ढकलतं आणि झडपा कशा आहेत, ते दिसतं. लहानपणी सांधे सुजून ताप आला असेल आणि आता दम लागत असेल, किंवा गरोदरपणात दम वाढला असेल, तर झडपेसाठी ही तपासणी फार महत्त्वाची. पण इको चांगला आला म्हणजे रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत असं नाही.

दुसरी स्ट्रेस टेस्ट. फिरत्या पट्ट्यावर चालवतात आणि चालताना ईसीजी काढतात. गुडघे दुखत असतील तर आधी सांगा. बायकांमध्ये ही तपासणी कधीकधी आजार नसतानाही दोष दाखवते, म्हणून तेवढ्यावरून घाबरून जायचं नाही.

तिसरी सीटी अँजिओग्राफी. शिरेतून औषध सोडून रक्तवाहिन्यांचे फोटो घेतात. मूत्रपिंडाचा आजार असेल, पाळी चुकली असेल, औषधाची ॲलर्जी असेल, तर आधी सांगायलाच हवं.

आणि चौथी नेहमीची अँजिओग्राफी. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी घालून बघतात. धोका थोडा असतो, पण असतो. अडथळा दिसला तर त्याच वेळी स्टेंट बसवणार का, हे आत जाण्याआधी विचारून घ्या. सही करायच्या आधी कागद वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून मागा.

यातली कुठली करायची, हे घरातल्या चर्चेवर किंवा पॅकेजच्या जाहिरातीवर ठरत नाही. ते दुखण्याच्या तऱ्हेवर आणि तुमच्या जोखमीवर ठरतं. जोखीम म्हणजे वय, बीपी, साखर, तंबाखू, आणि आईवडील किंवा भावंडांना कमी वयात आलेला झटका. मशेरी हीही तंबाखूच. आणखी दोन गोष्टी आपण कधी सांगत नाही, त्या सांगा : बाळंतपणाच्या वेळी बीपी वाढलं होतं का, आणि पाळी लवकर गेली का. दोन्हींचा हृदयाशी संबंध आहे.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना चार गोष्टी मनात जुळवून जा. कधी दुखतं? काय करताना दुखतं? किती वेळ टिकतं? कशानं थांबतं? आणि त्यांनी तपासणी लिहून दिली की तीन प्रश्न विचारा. तुम्हाला कशाची शंका आहे? निकाल आल्यावर माझ्या औषधोपचारात काय बदलेल? ही आत्ता केली नाही, थोडं थांबलो, तर चालेल का? हे उद्धटपणे बोलणं नाही. आपल्या देहाचा प्रश्न आहे, विचारायचाच. पहिल्या बाईला या प्रश्नांमुळे शेळ्या विकाव्या लागल्या नाहीत. दुसरीला याच प्रश्नांमुळे कळलं की थांबून चालणार नाही.

तिची स्ट्रेस टेस्ट सदोष आली, पुढे अँजिओग्राफीत एक वाहिनी बरीच बंद निघाली. आज ती रोज गोळ्या घेते, मशेरी सोडलीय. चढ अजून चढते, पण रिकाम्या हातानं. हंडा आता मुलगा आणतो.

एखादीच्या सगळ्या तपासण्या ठीक येतात आणि तरी दुखतं. ‘मनाचं आहे’ म्हणून तिला गप्प करू नका. कधी हृदयाच्या अगदी बारीक वाहिन्यांचा दोष असतो, तो अँजिओग्राफीत दिसत नाही. कधी पित्त असतं, कधी मनावरचा भार असतो. त्या सगळ्यावर उपचार आहेत. तिनं परत जाऊन विचारावं.

आता खर्चाचं. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. म्हणून सुरुवात जवळून करा : आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र, घोडेगाव, जुन्नर किंवा नारायणगावचं ग्रामीण रुग्णालय, मंचरचं उपजिल्हा रुग्णालय. पुढं पाठवलं तर औंधचं जिल्हा रुग्णालय आहे. अँजिओप्लास्टीसारख्या उपचारासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांना भेटा, कुठला खर्च योजनेत बसतो आणि कुठला नाही ते विचारा, मगच पैसे भरा. जुने ईसीजी फेकू नका. ते पेटीत ठेवायचे नाहीत, बरोबर न्यायचे. नवा आणि जुना शेजारी ठेवला की डॉक्टरांना फरक कळतो.

आणि गटासाठी एक काम. पुढच्या बैठकीत हप्ता गोळा झाला की आशाताईंना बोलवा. तीस वर्षांवरच्या सगळ्या जणींचं बीपी आणि साखर मोजून घ्या. मग एकमेकींना एवढंच विचारा : चढ चढताना कुणाची छाती दाटते का? जिचा हात वर होईल, तिला एकटी पाठवू नका. एक जण सोबत जा.

येते मी. काळजी घ्या. नमस्कार.