नऊ इंचांची कॅडिलॅक

१९५९ची कॅडिलॅक पावणेएकोणीस फूट लांब. शेजारी उभं राहिलं तर ती एका नजरेत मावत नाही. पुढून नुसतं क्रोम दिसतं, मागे जावं तर शेपटीचे उंच पंख आणि त्यांत बसवलेले लाल दिव्यांचे जोड. एकास पंचवीस प्रमाणातली हीच गाडी नऊ इंचांची होते आणि पंखाची रेघ कुठून उठते, ते पहिल्यांदा नीट कळतं.

पन्नाशीच्या दशकात अमेरिकेतल्या विक्रेत्यांकडे अशी प्लॅस्टिकची मॉडेलं असत. त्यांना ‘प्रोमो’ म्हणत. जॉन हेन्लेने १९४७ साली डेट्रॉइटमध्ये काढलेली जो-हान ही कंपनी ती बनवणाऱ्यांतलीच. कॅडिलॅकचे प्रोमो तिचे. रंगही कारखान्यातल्या खऱ्या रंगांशी जुळवलेले. गाडी बापाने घ्यायची, प्रोमो पोराच्या हाती! त्या काळचं अ‍ॅसिटेट हे प्लॅस्टिक मात्र वर्षं लोटली की आकसतं, वाकतं. म्हणून जुना प्रोमो विकत घेताना आधी तो काचेवर ठेवावा आणि चारही चाकं टेकतात का ते पाहावं.

पुढे धातूची, दारं-बॉनेट उघडणारी मॉडेलं आली. लोक त्यांवर खूश असतात. मी तितकासा नाही. एकास चोवीसच्या मॉडेलमध्ये दाराभोवती एक मिलिमीटरची फट राहिली, तर खऱ्या गाडीत ती जवळजवळ इंचभराची झाली. कॅडिलॅकच्या दारात बोट जाईल एवढी फट कोण खपवून घेईल? त्यापेक्षा बंद दारांचा प्रोमो बरा.

ड्यूसेनबर्ग गाड्यांच्या मॉडेलची गोष्ट आणखी वेगळी. १९२८ साली आलेल्या ‘मॉडेल जे’ची कंपनी फक्त चासी विकायची, वरची बॉडी गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून करून घ्यायची. त्यामुळे नाव एक, रूपं अनेक. मॉडेल करणाऱ्याने नेमकी कुठली गाडी उतरवायची ते आधी ठरवावं लागतं. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी १९३५च्या आपल्या ड्यूसेनबर्गला लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी चढवून घेतली, नारिंगी आणि काळ्या रंगात. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर साडेबारा फुटांच्या वर, आणि बैठका दोनच! बाकी सगळा थाट बॉनेटचा. एकास चोवीसमध्येही हे अंतर सहा इंचांच्या पुढे जातं. ती कुणाला हवीच असेल, तर आधी फडताळाचा कप्पा मोजून घ्यावा.