फळी आमची, घाटही आमचा

(सातारा येथे सातारा व सांगली जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)

पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘पूर आणि स्त्रिया’ असा विषय छापला आहे. मी सोबत आणली आहे ती ही ७ फुटी फळी. सकाळपासून बऱ्याचजणी तिच्यावर हात फिरवून गेल्या. एकीने विचारलं, हे इस्त्रीचं टेबल आहे का? नाही, ही तरंगती फळी आहे. आत थर्माकोल, वर फायबर. समुद्राच्या लाटांवर उभं राहून खेळणारे लोक सर्फबोर्ड वापरतात आणि काहीजण तो याच रीतीने घरी करतात. आमच्याकडे समुद्र नाही, कृष्णा आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका नदीकाठच्या गावातल्या ११ मुलींनी आणि ४ बायांनी ही फळी केली. का केली आणि कशी केली, एवढंच मी सांगणार आहे.

तुमचं आमचं नातं पाण्याचं आहे. कृष्णा आणि कोयना तुमच्या डोंगरातून निघतात, कऱ्हाडला भेटतात आणि खाली आमच्याकडे येतात. २००५, २०१९, २०२१ – तिन्ही पूर आपण पाहिले. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी खच्चून भरलेली बोट उलटली. त्यात किती बायका-मुलं गेली, हे इथे बसलेल्या सांगलीच्या मैत्रिणी विसरलेल्या नाहीत. बोटी कमी का होत्या, लाइफ जॅकेट का नव्हती, हे प्रश्न शासनाला विचारलेच पाहिजेत. पण माझ्या मनात आणखी एक प्रश्न राहून गेला. आपल्यापैकी किती जणींना पोहता येतं?

गटाच्या बैठकीत मी हे विचारलं. ३० बाया होत्या, सगळ्यांचं आयुष्य नदीकाठावर गेलेलं. हात वर आले दोन. एक माहेरच्या विहिरीत शिकलेली, दुसरी म्हणाली, “थोडंसं येतं, पण लग्नानंतर पाण्यात गेलेच नाही.” भाऊ मात्र प्रत्येकीचा पोहणारा. पोरगा सात-आठ वर्षांचा झाला की पाठीला सुका भोपळा नाही तर पत्र्याचा डबा बांधून त्याला डोहात ढकलतात. पोरगी रोज गुडघाभर पाण्यात उभी राहून धुणं धुते, पण तिचं पाणी गुडघ्यापाशीच संपतं. २००४च्या सुनामीनंतर ऑक्सफॅम संस्थेने केलेल्या पाहणीतही हेच दिसलं होतं. इंडोनेशियातल्या आणि तमिळनाडूतल्या काही गावांत पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त बायका गेल्या. त्यांच्या कारणांत एक कारण हे होतं की बायकांना पोहायला, झाडावर चढायला कोणी शिकवलेलं नव्हतं. पाणी भेदभाव करत नाही म्हणतात. पण पाणी येण्याआधीच भेदभाव झालेला असतो.

तेव्हा ठरलं की मुलींना पोहायला शिकवायचं. धरून हातपाय मारायला काहीतरी हवं, म्हणून ही फळी.

पहिली चूक माझी. स्वस्तात मिळालं म्हणून मी मूर्ती आणि टाक्या करणारे वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन आणलं. थर्माकोलवर ओतलं, तर बघता बघता खड्डे पडले. त्या रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोल विरघळवतं. इपॉक्सीने तसं होत नाही, पण ते महाग. पारावर बसलेले बाप्ये हसले. एम. एस. डब्ल्यू.ला हे कोणी शिकवलं नव्हतं, असं सांगून मी बैठकीत माफी मागितली. गटाच्या वहीत तो खर्च ‘ताईंची चूक’ या नावाने लिहिला आहे.

दुसऱ्यांदा नीट केलं. थर्माकोलचे घट्ट पत्रे जोडून मधोमध लाकडी पट्टी घातली म्हणजे फळी वाकत नाही. कडा घासून गोल केल्या, कारण काचेच्या धाग्यांचं हे कापड टोकदार कोपऱ्यावर बसत नाही, उचललं जातं आणि खाली हवा राहते. वर दोन थर, खाली एक, कडेवरून चार बोटं दुमडलेले. इपॉक्सी आणि हार्डनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, काट्यावर तोलून घ्यायचे. स्वयंपाकात आपला हात बसलेला असतो, पण इथे अंदाज चालत नाही. हार्डनर जास्त घातला तर लवकर वाळत नाही, उलट काम बिघडतं. एका वेळी थोडंच कालवायचं. मगात भरून ठेवलं तर ते आपोआप तापतं, धूर येतो. मधोमध ओतून प्लॅस्टिकच्या पट्टीने कडेकडे सारायचं. “हे तर सारवणच की,” एक आजी म्हणाली आणि तिथून पुढे कोणाला शिकवावं लागलं नाही. कापड पांढरं दिसलं तर कोरडं आहे, आरपार दिसायला लागलं की भिजलं. उरलेलं काढून टाकायचं. जास्त इपॉक्सीने ताकद वाढत नाही, वजन वाढतं.

हे काम दुपार उतरल्यावर करायचं. ऊन चढत असताना थर्माकोलमधली हवा फुगते आणि ओल्या थरातून बुडबुडे येतात. पण दिवस कलतो ती नेमकी भाकरीची वेळ! तीन संध्याकाळी घराघरांत धुसफूस झाली. दोन घरांत नवऱ्यांनी भात लावला. तो करपला, पण खाल्ला सगळ्यांनी.

हातमोजे घालायचे म्हणून बांगड्या काढायला सांगितल्या, तर दोघी उठून चालल्या. नवरा जिवंत असताना हात मोकळा कसा ठेवायचा? तेव्हा तीच आजी बोलली, “माझ्या फोडल्या तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. या तर तुम्ही काढून ठेवताय आणि काम झालं की घालणार आहात.” त्या परत येऊन बसल्या.

एक गोष्ट लपवणार नाही. एका मुलीने फाटलेला मोजा तसाच वापरला आणि तिच्या हातावर पुरळ उठलं. न वाळलेलं इपॉक्सी पुन्हा पुन्हा कातडीला लागलं तर कायमची ॲलर्जी होऊ शकते. तिची आई रागावली, “उद्या स्थळ बघायला आलं तर काय सांगू?” स्थळाचं मला पटलं नाही, पण मोजे तपासणं माझं काम होतं आणि ते मी केलं नव्हतं. तुम्ही केलंत तर दर वेळी नवे मोजे घ्या, मोकळ्या हवेत बसा, लागलंच तर साबणाने धुवा, थिनरने नको. घासताना नाकाला चांगला मास्क आणि फळी ओली ठेवा. काचेची धूळ फुप्फुसात जाता कामा नये.

फळी झाली, आता घाट हवा होता. ग्रामसभेत आम्ही रविवारी सकाळी ७ ते ९ ही वेळ मुलींसाठी मागितली, तीही पावसाळा सोडून, पाणी संथ असताना. एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, “उद्या पोरी नदी ओलांडून जातील.” विहिरीत शिकलेली आमची बाई उठली, “अण्णा, पुरात तेच तर पाहिजे.” सभा हसली आणि वेळ मिळाली. आता तीच बाई मुलींना शिकवते. ११ पैकी ७ जणींना फळी सोडून पोहता येतं. दोघींना घरच्यांनी थांबवलं, एकीचं लग्न ठरलं, एक अजून घाबरते. तरुण मंडळाने फळी मागितली, “तुम्हाला काय उपयोग?” आम्ही सांगितलं, मिळेल, पण वहीत सही करून आणि रविवार सोडून.

गैरसमज नको. ही फळी म्हणजे बोट नव्हे. पुराच्या ओढीत ती घेऊन कोणी उतरू नये, चांगला पोहणाराही तिथे टिकत नाही. बोटी, जॅकेट आणि वेळेवर इशारा देणं ही शासनाची जबाबदारी आहे आणि फळी केली म्हणून ती मागणी आम्ही सोडलेली नाही. उलट आता आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठकीला आमच्या बाया जातात आणि विचारतात, बोट कोण चालवणार, किती माणसं बसणार, जॅकेट मोजली का? पाण्यात उतरलेल्या बाईचा प्रश्न वेगळा असतो.

याच जिल्ह्यात इंदुताई पाटणकरांच्या पुढाकाराने परित्यक्ता स्त्रियांनी रेशनकार्ड मागितलं, जमीन मागितली. तेव्हाही लोकांनी विचारलं असेल, बायकांना काय उपयोग? बामणोली-तापोळ्याकडच्या मैत्रिणींनो, तुम्ही तर बाजाराला, दवाखान्याला लाँचमधून जाता. तुमच्यातल्या किती जणींना पोहता येतं, हे आज जेवणाच्या सुट्टीत एकमेकींना विचारा. फळी मी इथेच ठेवून जाते आहे. पुढच्या शिबिराला ती ओली होऊन परत आली पाहिजे.