पांढरीची वही सर्वांसाठी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला आपल्या क्षेत्राविषयी बोलायला सांगितले आहे. माझे क्षेत्र पुरातत्त्व. गावाकडे आले की लोक मला पहिला प्रश्न विचारतात, “हंडा सापडला का?” आजवर एकही सापडलेला नाही. आम्हाला सापडतात खापरे, मणी, विटांचे तुकडे, जळालेले धान्य आणि हाडे. त्यांतून काय कळते आणि ते आपल्या शाळेतल्या मुलांना पैसे न मोजता कसे शिकता येईल, एवढेच आज सांगणार आहे.

आपल्याकडे ‘काळी’ आणि ‘पांढरी’ असे दोन शब्द आहेत. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. एकाच जागी माणसे शेकडो वर्षे राहिली, चुलीतली राख, शेण आणि पडलेल्या भिंतींची माती थरावर थर साचत गेली, की ती जागा पांढुरकी होते आणि उंचावते. पुस्तकी अभ्यासकही मराठीत तिला ‘पांढरीचे टेकाड’ असेच म्हणतात. माळवदावर टाकायला आपल्या आजोबा-पणजोबांनी पांढरी माती आणली ती बहुधा अशाच टेकाडावरून. ती बैलगाडीने नेली जायची, म्हणून टेकाड पिढ्यान्‌पिढ्या पुरले. आता जेसीबी आणि ट्रॅक्टर आहेत. दोन हजार वर्षांत साचलेले टेकाड चार दिवसांत सपाट होऊ शकते, आणि तिथे काय होते याची ओळभर नोंदही मागे राहत नाही.

नोंद राहिली तर काय होते, हे पाहायला आपल्याला दूर जायला नको. आपले भोकरदन घ्या. त्याचे जुने नाव भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत भोगवर्धनहून आलेल्या दात्यांचा उल्लेख आहे. १९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून भोकरदनला उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि डॉ. आर. एस. गुप्ते यांनी लिहिलेला त्याचा अहवाल १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या उत्खननात हस्तिदंताची एक भंगलेली स्त्रीमूर्ती मिळाली. इटलीतील पाँपेई हे शहर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तिथे १९३८ साली भारतीय घडणीची एक हस्तिदंती मूर्ती सापडली होती. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. भोकरदनची मूर्ती तिच्याशी इतकी मिळतीजुळती आहे, की पाँपेईची मूर्ती याच भागातून गेली असावी, असे काही अभ्यासकांनी म्हटले आहे. केळणा नदीच्या काठावरच्या गावाचा रोमन जगाशी संबंध होता, हे आपल्याला कळले ते खोदणाऱ्यांनी थरांची, मापांची, वस्तूंची नोंद केली आणि ती छापली म्हणून.

मी या शाळेत दहावीपर्यंत शिकले. तोवर यातले एक अक्षरही माझ्या कानावर आले नव्हते. यात आपल्या शिक्षकांचा दोष नाही. अहवाल इंग्रजीत होता आणि अशा अहवालांच्या प्रती मोजक्या निघतात. तालुक्याच्या गावातल्या मास्तरांपर्यंत ते पोहोचणार तरी कसे?

इथे माझ्या विषयाची एक अडचण सांगते. रसायनशास्त्रातला प्रयोग चुकला तर पुन्हा करता येतो. आमचे तसे नाही. एक थर काढला की तो कायमचा गेला, तो परत रचता येत नाही. मागे उरते ती फक्त वही: नकाशे, छायाचित्रे, मोजमापे. म्हणजे ती वही हाच पुरावा. तो कपाटात बंद राहिला, किंवा ज्या यंत्रावर लिहिला त्याशिवाय उघडेना, तर उत्खनन झाले काय आणि नाही काय, सारखेच.

हे मी अनुभवाने बोलते आहे. काही वर्षांपूर्वी एका प्रकल्पात आम्ही सगळे नकाशे एका महागड्या सॉफ्टवेअरमध्ये केले होते. कंपनीचे नाव सांगण्यात अर्थ नाही. अनुदान संपले, परवान्याचे नूतनीकरण झाले नाही, आणि आमच्याच हातच्या फायली आम्हाला उघडेनात. शेवटी छापील प्रतींवरून पुन्हा रेघा ओढत बसावे लागले.

जालना ही बियाण्यांची बाजारपेठ, म्हणून तुम्हाला बियाण्याच्या भाषेत सांगते. संकरित बियाणे दरवर्षी विकत आणावे लागते. गावरान बियाणे घरी राखता येते, पेरता येते, शेजाऱ्याला पसाभर देता येते, त्यातून निवड करून आणखी चांगले करता येते. संकरित वाईट असे मी म्हणत नाही, आपल्या शेतकऱ्याने त्यावर पैसा मिळवला आहे. पण गावरान आपल्या हातात राहते. ओपन सोर्स सॉफ्टवेअर हे गावरान बियाणे आहे. फुकट मिळणे हा त्याचा लहान गुण. ते दुसऱ्याला देण्याची, आत काय आहे ते पाहण्याची आणि आपल्या सोयीने बदलण्याची मुभा असते, हा मोठा गुण.

आमच्या कामाला लागणारे बहुतेक सगळे असे उपलब्ध आहे. नकाशांसाठी क्यूजीआयएस आहे. २००२ मध्ये गॅरी शेरमन यांनी सुरू केलेले हे सॉफ्टवेअर आता जगभरचे स्वयंसेवक वाढवतात. त्याचाच जोडीदार क्यूफील्ड अँड्रॉइड फोनवर चालतो. गावात फिरताना जागा, माप आणि छायाचित्र एकदम नोंदवता येते. खापरांची रेखाचित्रे करायला इंकस्केप, छायाचित्रे नीट करायला गिम्प, लिहायला आणि तक्ते करायला लिब्रेऑफिस. उपग्रहचित्रेही मिळतात. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची चित्रे २००८ पासून सर्वांना विनामूल्य आहेत, युरोपच्या सेंटिनेलचीही आहेत. काळ्या रानाच्या मधोमध पांढरीचा फिकट ठिपका अशा चित्रात पुष्कळदा दिसतो. अर्थात मुरूम आणि चुनखडीही तशीच दिसते, त्यामुळे चालत जाऊन पाहण्याला पर्याय नाही.

“पण हे शिकवणार कोण?” असे मुख्याध्यापक सर मघाशी म्हणाले. मुंबईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्यूटोरियल’ नावाचा प्रकल्प चालवला आहे. ओपन सोर्स सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा-दहा मिनिटांचे दृक्‌श्राव्य धडे, एकट्याने बसून शिकता येतील असे. त्यातले पुष्कळ मराठी आवाजात आहेत. लिब्रेऑफिसपासून सुरुवात करता येईल. ते एकदा उतरवून घेतले की इंटरनेट नसतानाही चालतात. वाचायला मराठी विश्वकोश आहे. त्याचे खंड आणि नव्या नोंदी संकेतस्थळावर खुल्या आहेत, पुरातत्त्वाच्या नोंदीही त्यात आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे ‘इंडियन आर्किऑलॉजी: अ रिव्ह्यू’ हे १९५३-५४ पासूनचे वार्षिक अंकही उतरवून घेता येतात. ते इंग्रजीत आहेत, पण नववीच्या मुलाला शिक्षकांच्या मदतीने आपल्या जिल्ह्यापुरते वाचता येतील.

एक उदाहरण देते. २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई आपल्याच जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या रानात झाली. शिंदे-भोसल्यांची फौज एका बाजूला, वेलस्लीची दुसऱ्या बाजूला. त्या लढाईचे जुने इंग्रजी नकाशे छापलेले आहेत. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे दोनशे वर्षांपूर्वीचे नकाशे कोणालाही वापरता येतात. असा नकाशा क्यूजीआयएसमध्ये आजच्या नकाशावर बसवायचा. नदीचे वळण, गाव आणि नद्यांचा संगम जुळवत जायचे. मग मुलांना घेऊन त्या रानात जायचे आणि नकाशा काढणाऱ्या साहेबाने कुठे बरोबर काढले, कुठे चुकवले, हे त्यांनाच शोधू द्यायचे. इतिहास, भूगोल, गणित आणि संगणक, चारही तास एका सहलीत होतात.

आता सावधगिरीचेही बोलते. सगळे खुले करावे, असे माझे मत नाही. बारवेचा पत्ता खुशाल सांगावा. महाराष्ट्रातल्या बारवांच्या जागा स्वयंसेवकांनी नकाशावर आणल्या, तेव्हा लोकांनी जाऊन गाळ काढला, दिवे लावले. बारव कोणी उचलून नेत नाही. पण पांढरीच्या टेकाडाचा नेमका ठिकाणा जाहीर केला की गुप्तधनवाले रात्री कुदळ घेऊन येतात. म्हणून टेकाडांच्या बाबतीत जागेचा तपशील शाळेच्या आणि पुरातत्त्व खात्याच्या नोंदीत राहावा, बाहेर फक्त गावाचे नाव जावे. मुलांनी खोदायचे नाही, खापर उचलून घरीही न्यायचे नाही. शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र काढायचे आणि पुढे चालायचे. उत्खनन परवान्यानेच होते. जमिनीत पुरलेले मौल्यवान काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, असा कायदा १८७८ पासून आहे.

माझ्या मागण्या तीन आहेत. पहिली, आपल्या मेळाव्याच्या निधीतून संगणक कक्ष करायचे घाटते आहे. तिथे महागडे परवाने विकत घेऊ नका. आपल्यापैकी अनेकांच्या कार्यालयांत जुने पण चालू संगणक पडून असतात. ते आणा, त्यावर लिनक्स टाकू, आणि वाचलेल्या पैशात कक्षाची वीज आणि मोजमापाची साधने होतील. लिनक्स टाकायला आणि शिक्षकांना शिकवायला मी दिवाळीच्या सुटीत आठ दिवस येईन.

दुसरी, शाळेने ‘गावाची वही’ सुरू करावी. दरवर्षी नववीच्या वर्गाने एक गाव घ्यावे. तिथली बारव, वीरगळ, जुने वाडे, पार, गढी यांची नोंद मराठीत करावी आणि ती क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याने खुली करावी. म्हणजे नाव शाळेचे राहील, वापर सर्वांचा होईल. मंठ्याच्या किंवा घनसावंगीच्या शाळेने आपलीच वही घेऊन तीत सुधारणा केली, तर मला त्याचा आनंदच वाटेल.

तिसरी मागणी तुमच्या सह्यांची. भोकरदनच्या अहवालाला आता पन्नास वर्षे होऊन गेली. तो मुक्त परवान्याने सर्वांना उपलब्ध व्हावा आणि त्याचा मराठी सारांश करायला परवानगी मिळावी, अशी विनंती संबंधित विद्यापीठांना आणि हक्कधारकांना करणारे पत्र मी लिहून आणले आहे. ते बाहेर नावनोंदणीच्या टेबलावर ठेवले आहे. सारांश करायची जबाबदारी मी घेते. तपासून द्यायला मराठीच्या बाईंना मी सकाळीच गळ घातली आहे, आणि त्या हो म्हणाल्या आहेत.

टेकाडे वाचवणे सगळेच आपल्या हातात नाही. रस्ते होतील, घरे होतील, शेत सपाट करायची शेतकऱ्याची गरजही खरी आहे. पण टेकाड जाण्याआधी त्याची नोंद करणारे चार हात गावातच असावेत आणि ती नोंद कोणालाही उघडून वाचता यावी, एवढे आपण करू शकतो. जेवणाच्या पंगतीला बसण्याआधी तेवढी सही करा.