बिघडलेली दुरुस्ती

न्हाव्याच्या वस्तऱ्याखाली मान देताना आपण त्याच्या चारित्र्याची चौकशी करीत नाही. डॉक्टरच्या भिंतीवर पदवी टांगलेली असते, वकिलाजवळ सनद असते. ज्याच्या हाती आपण आपली मोटारसायकल सोपवितो, त्याच्या भिंतीवर मात्र बहुधा एखादे जुने कॅलेंडर आणि तेलकट हातांचे ठसे यांखेरीज काही आढळत नाही. काहींनी आय.टी.आय.मध्ये शिक्षण घेतलेले असते. पुष्कळांनी एखाद्या उस्तादाच्या हाताखाली पाने उचलून देता देता विद्या मिळविलेली असते. तरीही त्याने आवळलेल्या नटावर भिस्त ठेवून, पाठीमागे पत्नीला किंवा मुलाला बसवून, आपण ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने निर्धास्तपणे जात असतो. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली आणि त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती. हे सारे अपघात काही वाहनांच्या बिघाडामुळे झाले नाहीत. वेग, बेपर्वाई आणि रस्ते यांचाही त्यात वाटा आहे. परंतु दुचाकीवरील माणसाचा जीव किती थोडक्या आधारावर तोललेला असतो, हे त्यावरून ध्यानात यावे.

म्हणूनच एक प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. गाडी सर्व्हिसिंगला दिली, पैसे मोजले, आणि घरी आणल्यावर काम नीट झालेले नाही असे दिसून आले. आता त्याच मेकॅनिककडे पुन्हा जावे की नाही? त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही?

लोकव्यवहाराने या प्रश्नाची दोन तयार उत्तरे ठेवलेली आहेत. पहिले संतापाचे : शितावरून भाताची परीक्षा झाली, पुन्हा त्या दाराची पायरी चढणे नको. दुसरे आळसाचे : सगळे सारखेच, मग हा ओळखीचा काय वाईट? मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. एका शितावरून भात कळतो, कारण पातेल्यातील सर्व शितांना एकच आच लागलेली असते. माणसाच्या हातून झालेल्या कामांचे तसे नसते. सोमवारी सकाळी दोन गाड्या उभ्या असताना केलेले काम आणि दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी वीस गाड्या उभ्या असताना केलेले काम, यांना सारखी आच लागलेली नसते. आणि ‘सगळे सारखेच’ हे तर उत्तरच नव्हे; तो विचार करण्याचे टाळण्याचा एक मार्ग आहे.

या प्रश्नाची खरी अडचण कोठे आहे, हे अर्थशास्त्रज्ञांनी नेमके दाखवून दिले आहे. भाजी घेण्यापूर्वीच तिची पारख करता येते. खाणावळीचे जेवण जेवल्यावर कळते. परंतु काही सेवा अशा असतात की त्या घेतल्यानंतरही त्यांची खरोखर गरज होती की नव्हती, आणि त्या नीट मिळाल्या की नाहीत, हे घेणाऱ्याला सहसा कळत नाही. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या दोघांनी १९७३ साली एका निबंधात हा तिसरा वर्ग निराळा काढून दाखविला. वैद्यक आणि वाहनदुरुस्ती ही त्याची आपल्या नित्य परिचयाची उदाहरणे होत. येथे रोग सांगणारा आणि औषध विकणारा एकच असतो. ‘क्लच प्लेट गेल्या’ असे त्याने म्हटले तर त्या गेल्या, असे धरून चालावे लागते.

तेव्हा विश्वास ठेवायचा तो नक्की कशावर, हे आधी ठरविले पाहिजे. माझ्या मते मेकॅनिकच्या ठिकाणी आपण तीन निरनिराळ्या गुणांची अपेक्षा करतो आणि त्या तिन्हींना मिळून ‘विश्वास’ हे एकच नाव देतो. पहिला गुण कसब, दुसरा सचोटी आणि तिसरा निगुती. हे तिन्ही एकत्र नांदतातच असे नाही. १ एप्रिल २०२० पासून नव्या वाहनांना प्रदूषणाची ‘भारत स्टेज सहा’ ही मर्यादा लागू झाली आणि नव्या मोटारसायकलींवर कार्ब्युरेटरची जागा जवळजवळ सर्वत्र फ्युएल इंजेक्शनने घेतली. नुसत्या कानाने इंजिनाची नाडी ओळखणारे कित्येक जुने, सचोटीचे कारागीर त्यामुळे एकाएकी अर्धशिक्षित ठरले. त्यांची सचोटी कमी झाली नाही. त्यांचे कसब मात्र नव्या यंत्राला पुरे पडेना. उलट, कसबात तरबेज असलेला मनुष्य सचोटीत उणा असण्याचा अनुभव तर सर्वांनाच आहे.

पण सर्वांत अधिक फसगत होते ती निगुतीच्या बाबतीत. रॉबर्ट पर्सिग या अमेरिकन लेखकाचे ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ हे १९७४ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक पुष्कळांच्या परिचयाचे असेल. त्यात निवेदकाची मोटारसायकल एका वर्कशॉपमध्ये अनेक वार खोलली जाते, जोडली जाते, आणि प्रत्येक वेळी काहीतरी नवेच मोडून परत येते. मूळ दोष पुढे सापडतो तो तेल पुरविणाऱ्या भागातील पंचवीस सेंट किमतीच्या एका तुटलेल्या पिनेत! त्या मेकॅनिकांना काम येत नव्हते असे नाही आणि ते लबाडही नव्हते. त्यांचे कामात मन नव्हते. त्या वर्कशॉपमध्ये रेडिओ मोठ्याने चालू होता, असाही तेथे उल्लेख आहे. आकाशवाणीवरून बोलताना तो मी तेवढ्यापुरताच करतो आणि पुढे जातो.

हे तीन गुण वेगळे का करावयाचे, हे स्वानुभवातील एका प्रसंगावरून स्पष्ट होईल. बदलीच्या नोकरीमुळे काही वर्षांपूर्वी माझा मुक्काम दिल्लीत होता. परक्या शहरात नवा मेकॅनिक शोधणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसांना सांगावयास नको. एक तर तेथे कोणी कोणाच्या ओळखीचे नसते. शिवाय गाडीची तक्रार परभाषेत सांगावी लागते. खडखड, टकटक, कुरकुर आणि घरघर यांतील फरक आपल्या कानांना मराठीत चटकन कळतो; हिंदीत तो समजावून देताना भल्याभल्यांची तारांबळ उडते. असो. गाडी सर्व्हिसिंग होऊन आली तेव्हा तीन गोष्टी आढळल्या. इंजिनाखालच्या ड्रेन प्लगमधून तेल पाझरत होते. चेन वीणेच्या तारेसारखी ताणलेली होती. आणि बिलात नव्या एअर फिल्टरचे पैसे लावलेले असताना, झाकण उघडून पाहता आत जुनाच काळवंडलेला फिल्टर होता.

या तीन दोषांची जात निरनिराळी आहे. प्लगखालचा वॉशर न बदलता प्लग आवळला की तेल पाझरू शकते. ही निगुतीची उणीव. कित्येकदा ते थांबविण्यासाठी प्लग इतका आवळतात की ॲल्युमिनियमच्या खोक्याचे आटेच जातात, आणि पाच-दहा रुपयांच्या वॉशरचे काम हजारांवर जाते. चेनला ढील ठेवावीच लागते. किती ठेवावी हे गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत मिलिमीटरमध्ये दिलेले असते. खड्ड्यात मागचे चाक वर-खाली होते तेव्हा चेन आणखी ताणली जाते. मुळातच ढील नसेल तर तो सारा ताण बेअरिंगवर येतो. हा दोष निगुतीचा किंवा कसबाचा. तिसरा दोष मात्र सरळसरळ सचोटीकडे बोट दाखवीत होता. दाखवीत होता एवढेच. सिद्ध करीत नव्हता.

सरकारी नोकरीत आम्हांला एक गोष्ट प्रारंभीच शिकविली जाते. ज्याच्यावर ठपका ठेवावयाचा, त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून निर्णय लिहू नये. नैसर्गिक न्यायाचे हे तत्त्व फाइलीतील कर्मचाऱ्याला लागू पडते, तसेच ते गल्लीतील मेकॅनिकलाही लागू पडावयास हरकत नाही. मी दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन गेलो आणि तिन्ही गोष्टी, आवाज न चढविता, एकापुढे एक सांगितल्या. “लाइए साहब, देखते हैं,” एवढेच तो म्हणाला. त्याने गाडी मधल्या स्टँडवर चढविली, चेनला बोट लावले, आणि ज्या मुलाने काम केले होते त्याला हाक मारून त्याच्याच हाताने ती सैल करवून घेतली. चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत की नाहीत हे स्वतः वाकून पाहिले. वॉशर बदलला. फिल्टरचा विषय निघाला तेव्हा फळीवरून न उघडलेला खोका काढला आणि सांगितले, की मुलगा मध्येच दुसऱ्या गाडीवर गेला आणि हे काम राहून गेले.

हे खरे होते काय? मला आजही सांगता येणार नाही. खोका फळीवर होता. पण फळीवर खोके असतातच. तथापि निर्णय करण्यास मला त्याच्या खुलाशापेक्षा त्याच्या वागण्याचा अधिक उपयोग झाला. त्याने तक्रार ऐकून घेतली, गाडी तत्काळ पाहिली, ‘या मॉडेलचे असेच असते’ असे म्हटले नाही, आणि दुसऱ्यांदा मजुरी मागितली नाही. पुढच्या खेपेस बदललेले जुने भाग त्याने न मागता कागदावर मांडून दाखविले. मी त्याच्याकडे दिल्ली सोडीपर्यंत जात राहिलो. मात्र गाडी ताब्यात घेण्यापूर्वी फिल्टरचे झाकण उघडून पाहण्याची सवयही मी सोडली नाही, आणि त्यालाही त्यात कधी अपमान वाटला नाही.

माझे म्हणणे एवढ्यात सांगता येईल. वाईट कामावरून माणसाची जेवढी ओळख पटत नाही, तेवढी ते काम परत त्याच्यापुढे ठेवल्यावर तो काय करतो यावरून पटते. म्हणून एकदा परत जावे, नेमकी तक्रार घेऊन जावे, आणि मगच ठरवावे.

याला मर्यादा आहेत, त्याही सांगितल्या पाहिजेत. ब्रेक, चाकाचा आस आणि हँडल यांच्या बाबतीत दुसरी संधी देण्याइतके आपण उदार असू नये. ब्रेकची दांडी निसटली किंवा मागच्या चाकाचा नट सैल राहिला, तर तो नजरचुकीने राहिला की बेपर्वाईने, हा प्रश्न गैरलागू ठरतो. तेथे चूक पाहावयाला माणूस शिल्लक राहीलच असे नाही. त्याचप्रमाणे जो गाडीकडे न पाहताच आपल्याला खोटे ठरवितो, जुना भाग दाखविण्यास नकार देतो, किंवा प्रत्येक खेपेस नवा खुलासा करतो, त्याच्याकडे पुन्हा जाण्यात भलेपणा नाही. तो भिडस्तपणा आहे. विश्वासाचेही भाग करता येतात. पंक्चर, ऑइल, चेन यांपुरता एखादा विश्वासू असू शकतो. इंजिन त्याच्या हाती देण्याचे बंधन आपल्यावर नाही.

कायदाही येथे अगदी मुका नाही. १८७२ च्या करार कायद्याने कारागिराला, ठरलेले काम पुरे करून दिल्यावर, मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क दिला आहे. आणि ताब्यातील वस्तूची, समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी, काळजी घेण्याचे बंधनही त्याच्यावर घातले आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून अमलात आला. त्यानुसार कामाचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि सेवेतील उणिवेबद्दल दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला त्यासाठी शुल्क पडत नाही. बिल मागून घेणे यात म्हणूनच अविश्वास नाही. परंतु चेनच्या ढिलेपणासाठी आयोगाची पायरी कोण चढणार? नित्याच्या व्यवहाराला दुसरा काही आधार हवा.

आपल्या जुन्या गावगाड्यात तो आधार होता. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारीचे वर्णन आहे. लोहार आणि सुतार यांना प्रत्येक कामाची निराळी मजुरी मिळत नसे. सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. नांगराचा फाळ चार वेळा शेवटला काय किंवा दहा वेळा शेवटला काय, बलुते तेच. नसलेला बिघाड सांगण्यात लोहाराचा काहीच लाभ नव्हता. उलट काम टिकाऊ झाले तर त्याचेच श्रम वाचत. ती व्यवस्था जातीला जखडलेली होती, तिच्यात ना कारागिराला मोकळीक होती ना त्याच्या श्रमाला न्याय. ती परत यावी असे कोणी म्हणणार नाही. पण तिच्यातील एक मर्म घेण्यासारखे आहे : ज्याच्याशी वर्षानुवर्षे संबंध राहावयाचा आहे, त्याला फसविणे परवडत नाही. आज तो संबंध जन्माने येत नाही, तो आपणांस निर्माण करावा लागतो. त्यासाठी आपल्याकडूनही काही घडले पाहिजे. मजुरीत घासाघीस करून वर उत्तम कामाची अपेक्षा धरणे, सकाळी गाडी देऊन दुपारीच तगादा लावणे, आणि तक्रार सांगताना ‘काहीतरी आवाज येतो’ एवढ्यावरच थांबणे, ही निगुतीने काम होण्याची लक्षणे नव्हेत.

आणखी एक विचार मला महत्त्वाचा वाटतो. न सांगता निघून गेलेले गिऱ्हाईक मेकॅनिकला शिक्षा करते, पण त्याला काही शिकवीत नाही. गाड्यांच्या गर्दीत एक गाडी कमी झाली, एवढेच त्याला कळते. का कमी झाली ते कळत नाही. ज्या मुलाने आपली चेन ताणून ठेवली, तो उद्या दुसऱ्याचीही तशीच ताणील, आणि परवा कोणाच्या तरी ब्रेकला हात घालील. त्या गाडीवर पहाटे दूध घालणारा असेल, रात्रपाळीची परिचारिका असेल, शिकवणीहून घरी निघालेला एखादा विद्यार्थी असेल. आपण परत जाऊन ते काम त्याच मुलाच्या हातून नीट करवून घेतले, तर त्याचा उपयोग आपल्या एकट्याच्याच गाडीला होतो असे नाही.